जैवविविधतेत १० टक्के वाढ: बांधकामाच्या जागेवरच की बाहेर?

इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रकल्पांना आणि एप्रिलपासून सूट नसलेल्या लहान प्रकल्पांनाही अधिवासाचं, म्हणजे प्राणी-वनस्पती जिथे वाढतात त्या जागेचं, मूल्य बांधकामापूर्वीपेक्षा किमान १० टक्क्यांनी वाढवावं लागतं. मूल्य सरकारी मोजणी-तक्त्यातून युनिटमध्ये निघतं. जमिनीवरचा अधिवास, कुंपणझाडी आणि ओढे-नाले यांची युनिट वेगवेगळी मोजतात. एकाची तूट दुसऱ्यातून भरता येत नाही.

जागेवरच वाढ केली तर पक्षी, कीटक आणि हिरवळ तिथल्याच रहिवाशांना मिळते. अडचण मातीत आहे. रानफुलांचं कुरण हवं असेल तर जमीन कमी सुपीक लागते. यंत्रांनी दाबून घट्ट झालेल्या जमिनीवर सुपीक माती पसरली, की जोमदार गवत फुलांना गिळून टाकतं. मग रहिवाशांच्या तक्रारीवरून दर पंधरा दिवसांनी कापणी सुरू होते आणि आराखड्यात धरलेली अधिवासाची ‘मध्यम’ दर्जाची स्थिती कागदावरच राहते. घरांच्या खासगी बागांवर तर फारशी भिस्त ठेवूच नये. तिथे उद्या फरशी बसली तर कोण अडवणार?

बाहेरच्या, दुसऱ्या जमिनीवर वाढवलेल्या अधिवासाची युनिट घेतली तर सलग, मोठी जमीन आणि सराईत व्यवस्थापन मिळू शकतं. मात्र ती जागा कायदेशीर कराराने ३० वर्षं बांधलेली आणि सरकारी नोंदवहीत नोंदलेली हवी. अंतराचा फटकाही बसतो: शेजारच्या स्थानिक नियोजन क्षेत्रातलं एक युनिट ०.७५, त्याहून दूरचं ०.५ धरतात.

लहान, दाट वस्तीच्या प्रकल्पाला बाहेरचाच मार्ग खरा. मोकळी जागा भरपूर असेल तर आधी जागेवरच करावं. कोणताही मार्ग घेतला तरी वाढीचा आराखडा मंजूर होईपर्यंत काम सुरू करता येत नाही.