टाळेबंदीतील पाठदुखी आणि चिपळूणहून मिळालेली फिजिओथेरपी

पाठीच्या दुखण्यावर फोनच्या पडद्यावरून उपचार होऊ शकतात का, असे दापोली तालुक्यातील आमच्या गावात अनेकांनी मला विचारले. चिपळूणमधील एका फिजिओथेरपी केंद्राने २०२०च्या टाळेबंदीत व्हिडिओवरून तपासणी व उपचार सुरू केले आणि मी व माझी आई अशा दोघींनी ती सेवा एप्रिलपासून दिवाळीपर्यंत घेतली. माझ्या मते ती उत्तम आहे. ती उत्तम असण्याचे कारण मात्र त्यांच्या व्यायामप्रकारांत नाही. तसे व्यायाम कोठेही सापडतात. आम्ही दिवसभर कशा बसतो, कशा वाकतो, काय उचलतो हे या केंद्राने आधी पाहून घेतले आणि मग आमच्या घराला व कामाला जुळेल असा उपचार सांगितला. त्यामुळेच तो पाळणे आम्हाला जमले.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि मुंबईतील कार्यालयाचे हिशेबाचे काम मी गावच्या घरून करू लागले. थोड्याच दिवसांत कमरेच्या डाव्या बाजूला कळ येऊ लागली. मुंबईत स्थानकाचे पूल चढणे-उतरणे, लोकलमध्ये उभे राहणे, जेवणाच्या सुटीत खाली उतरून येणे यांना कोणी व्यायाम म्हणत नाही. पण तेवढी हालचाल दिवसभरात सहज होत असे आणि ती एकाएकी थांबली. आईच्या बाबतीत निराळेच घडले. देवळे बंद झाल्याने आणि समुद्रावर जाण्यास मनाई असल्याने तिचे चालणे संपले, तर घरात माणसे वाढल्यामुळे वाकून करावयाची कामे दुप्पट झाली. एसटी बंद होती आणि दवाखान्यांत तातडीच्या रुग्णांनाच घेत होते. त्यामुळे व्हिडिओवरील उपचार ही आमच्यासाठी चैन नव्हती, तेवढी एकच सोय उरली होती.

पहिले सत्र जवळजवळ तासभर चालले आणि त्यातील निम्मा वेळ प्रश्नांत गेला. कळ पायात उतरते का, चालताना पाऊल नीट उचलले जाते का, लघवी-शौचावरील ताबा सुटल्यासारखा वाटतो का, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आहे का, ताप येतो का, वजन विनाकारण उतरले आहे का, अलीकडे कोठे पडलात का, असे सारे केंद्राच्या डॉक्टरांनी सावकाश विचारले. ताबा सुटणे, बैठकीची जागा बधिर होणे किंवा पायातील ताकद जाणे यांपैकी काहीही आढळले असते, तर व्यायाम न देता त्यांनी मला तडक रुग्णालयात जाण्यास सांगितले असते, हेही त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले. दुरून उपचार करणाऱ्याने आपली मर्यादा आरंभीच सांगावी, ही माझी अपेक्षा येथे पूर्ण झाली.

त्यानंतर डॉक्टरांनी मला फोन हातात घेऊन घर दाखवायला सांगितले. माजघरातील पलंग, ओटीवरचा झोपाळा, स्वयंपाकघरातील विळी, पडवी आणि माडीचा उभा जिना हे सगळे त्यांनी नीट पाहिले. मग फोन बाजूच्या खिडकीत टेकवून मी रोज जशी कामाला बसते तशी बसून दाखवले. पलंगावर मांडी घालून आणि उशीवर लॅपटॉप ठेवून काम करताना मान किती खाली झुकते आणि कमरेचा नैसर्गिक बाक कसा उलटा होतो, हे त्यांनी त्याच चित्रावर रेघ ओढून मला दाखवले. उपाय घरातल्या घरात निघाला. आंब्याचा रिकामा लाकडी खोका जेवणाच्या टेबलावर पालथा घालून त्यावर लॅपटॉप ठेवल्यावर पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली. अत्यावश्यक वस्तूंखेरीज काहीही ऑनलाइन मागवता येत नव्हते, म्हणून भाच्याच्या जुन्या संगणकाचा कीबोर्ड लावला. कमरेमागे पंच्याची गुंडाळी आणि पायाखाली एक पाट आला. दर अर्ध्या तासाने उठायचे आणि कार्यालयाचे फोन पडवीत येरझारा घालत घ्यायचे, एवढी शिस्त त्याला जोडून दिली. कळ निम्मी उतरली ती या बदलांनी, व्यायाम अंगवळणी पडण्याच्या आधीच.

या केंद्राची मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे ते प्रत्येक सूचनेचे कारण सांगतात. मणक्यांमधील चकत्यांना प्रौढ वयात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. त्यांचे पोषण लगतच्या हाडांतून झिरपत येते आणि हालचालीने दाब कमी-जास्त होत राहिला की त्याला मदत होते. म्हणून साध्या पाठदुखीत दिवसेंदिवस अंथरुणावर पडून राहू नये, असे आता सर्वत्र सांगितले जाते. रात्री आपण आडवे असताना या चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी माणसाची उंची संध्याकाळपेक्षा सुमारे एक ते दोन सेंटीमीटर अधिक भरते. आणि त्याच कारणाने उठल्या उठल्या पूर्ण वाकण्याचा ताण कमरेवर अधिक येतो. आई वर्षानुवर्षे उजाडताच खराटा घेऊन अंगण झाडत आली आहे. डॉक्टरांनी तिला अंगण झाडू नका असे सांगितले नाही. चहा झाल्यावर, थोडे चालून मग झाडा आणि खराट्याला छातीइतका लांब बांबू बांधा, एवढेच सांगितले. ते तिने त्याच दिवशी केले.

विळीचा प्रसंग तर मला विशेष सांगावासा वाटतो. आमच्याकडे नारळ खवल्याशिवाय दिवस जात नाही, आणि खाली बसून पुढे झुकत खोबरे खवताना कमरेवर येणारा भार मोठा असतो. आई आधीच धास्तावून म्हणाली, "विळी सोडायला सांगाल तर ते काही जमायचे नाही." त्यावर डॉक्टर म्हणाल्या, "काकू, विळी ठेवा. फक्त ती चौरंगावर मांडा आणि तुम्ही बाजूला उंच स्टुलावर बसा. गुडघे कमरेपेक्षा वर यायला नकोत." त्यांनी आईला प्रत्यक्ष एक वाटी खवायला लावली, दोनदा चौरंग पुढे-मागे करवला, विळीवर पाय घट्ट राहतो ना याची खात्री केली आणि मगच पुढचा विषय काढला. मुंबईत मी यापूर्वी एका दवाखान्यात दाखवले होते; तेथे छापील कागद हातात देऊन वाकू नका, खाली बसू नका, जड उचलू नका असे सांगून वाटेला लावले होते. कोकणातल्या घरात ज्या बाईला हे तिन्ही करावेच लागते, तिला त्या कागदाचा उपयोग नाही.

व्यायाम मोजकेच होते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे संशोधक स्टुअर्ट मॅक्गिल यांनी सुचवलेले तीन प्रकार त्यांचा गाभा आहेत. पहिल्यात उताणे झोपून कमरेखाली हात ठेवायचा आणि डोके-खांदे किंचित उचलायचे, दुसऱ्यात कुशीवर कोपराच्या आधाराने अंग उचलून धरायचे आणि तिसऱ्यात हात-गुडघ्यांवर येऊन विरुद्ध बाजूचा हात व पाय लांबवायचा. प्रत्येक स्थितीत दहा सेकंदांपेक्षा अधिक थांबायचे नाही, यावर त्यांचा कटाक्ष असे. मला याशिवाय पालथे झोपून हातांवर छाती उचलण्याचा व्यायाम दिला. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्या पद्धतीत त्याला महत्त्वाचे स्थान आहे आणि मला त्याने आराम पडला. आईला मात्र पहिल्याच प्रयत्नात पायात ओढ जाणवली, तेव्हा त्यांनी तो तत्काळ थांबवला. वयोमानाने मणक्यातील पोकळी अरुंद झालेली असेल तर पाठ मागे नेणे त्रासदायक ठरते आणि पुढे झुकल्यावर बरे वाटते, हे त्यांनी समजावले व तिला खुर्चीवर बसून करायचे निराळे प्रकार दिले. एकाच घरातील दोघींना दोन वेगळे उपचार मिळाले. याला मी तपासणी म्हणते.

केंद्राच्या संध्याकाळच्या सामूहिक वर्गाबद्दल मात्र मी समाधानी नाही. पडद्यावर टिकलीएवढ्या चौकोनांत दिसणाऱ्या माणसांपैकी कोणाची पाठ गोल होते आहे हे शिकवणाऱ्याला दिसणे शक्य नसते, आणि त्या वर्गात सूर्यनमस्कार फार वेगाने घेतले जात. सूर्यनमस्कार उत्तम व्यायाम आहे; परंतु त्यात खोल पुढे वाकणे पुन्हा पुन्हा येते आणि दुखऱ्या कमरेच्या माणसाने ते कोणाच्या देखरेखीशिवाय वेगात करू नये. मी हे कळवल्यावर केंद्राने दुखणे असलेल्यांना त्या वर्गातून वगळले, हे नोंदवायला हवे.

सेवेची खरी परीक्षा निसर्ग चक्रीवादळाने घेतली. ३ जून २०२० रोजी ते रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्याला धडकले आणि शेजारच्या दापोली व मंडणगड तालुक्यांचीही त्याने दाणादाण उडवली. वाड्यांतील माड-पोफळी आडव्या झाल्या, कौले आणि पत्रे उडाले, वीज गेली ती अनेक गावांत कित्येक आठवडे आली नाही. दोन महिने बसून काढलेली माणसे दुसऱ्या दिवशी सकाळपासून ओंडके ओढू लागली. पाठीच्या दृष्टीने याहून धोक्याचे काही नाही, कारण स्नायूंना सवय नसताना त्यांच्यावर अचानक पूर्ण भार येतो. व्हिडिओ चालणे शक्य नव्हते. ज्या टेकाडावर मोबाईलची रेंज मिळे तेथे जाऊन मी साधा फोन केला आणि डॉक्टरांनी त्याच फोनवर, कोणतेही जादा पैसे न घेता, सगळे समजावून सांगितले.

त्यांनी सांगितलेले मी येथे मुद्दाम विस्ताराने देते, कारण ते आमच्या वाडीतील अनेकांच्या उपयोगी पडले. पोफळीचे खोड एकट्याने उचलायचे नाही. तुकडे करून दोघांनी धरायचे आणि वजन छाती-पोटाच्या जवळ ठेवायचे. ओझे हातात असताना कंबर पिळायची नाही, पावले टाकून सगळे अंग वळवायचे. झावळ्या ओढताना पाठमोरे न होता तिरके उभे राहून एक पाय पुढे ठेवायचा आणि मांड्यांचे बळ लावायचे. पंप बंद असल्याने विहिरीचे पाणी दोराने शेंदावे लागत होते. त्यासाठी भरलेली कळशी एका हातात घेण्याऐवजी अर्ध्या भरलेल्या दोन कळशा दोन हातांत घ्याव्यात, म्हणजे कणा एका बाजूला कलत नाही. कष्टाचे आणि हलके काम आलटून पालटून करावे, ही सूचना सर्वांत मोलाची ठरली. आमच्या गड्यांनी ओंडके वाहणे आणि नारळ गोळा करणे यांची पाळी लावून घेतली.

गणपतीनंतर पाऊस ओसरला आणि समुद्रावर जाता येऊ लागले, तेव्हा चालण्याचा आराखडा मिळाला. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण त्यासाठी धरले होते. येथे डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न मला फार आवडला: "ताई, तुमच्याकडे ओहोटी किती वाजता असते?" भरतीच्या वेळी पुळणीची वरची, उतरती आणि भुसभुशीत पट्टीच चालायला उरते, तिच्यावर एक पाय उंच व एक पाय खाली पडतो आणि कंबर सतत एका बाजूला झुकते. ओहोटीला मागे हटलेल्या पाण्यालगतची ओली वाळू सपाट व घट्ट असते. आमच्याकडे तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी नवाच्या आसपास. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे सकाळच्या फेरीला पुळण उपयोगाची नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी लवकर पाणी मागे असते. आईने दिनदर्शिका समोर ठेवून वेळापत्रक स्वतः तयार केले, आणि अष्टमीच्या आगेमागे आम्ही वाडीतल्या सपाट पाणंदीने चाललो. त्या आराखड्यात खाडा जवळजवळ पडला नाही.

उणिवा सांगणेही आवश्यक आहे. जुलैमध्ये आमच्या डॉक्टर बदलल्या आणि नव्या डॉक्टरांनी सारे प्रश्न पहिल्यापासून विचारले; आधीची टिपणे त्यांच्याकडे पोहोचलीच नव्हती. जोडणी तुटली तर उरलेला वेळ कधी मिळणार याचा नियम शेवटपर्यंत ठरला नाही. प्रत्यक्ष हात लावून स्नायूंची ताठरता पाहणे, ढोपरावर ठोकून प्रतिक्षिप्त क्रिया तपासणे हे पडद्यावरून होत नाही, त्यामुळे ज्यांची कळ पायात उतरते किंवा ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी केवळ या सेवेवर विसंबू नये. उलट, बसून बसून जडावलेली कंबर, वाकण्याच्या कामांनी येणारी ठणक आणि चालणे सुटल्याने आलेला अशक्तपणा यांसाठी मी ती निःशंकपणे सुचवेन. पहिल्या तपासणीला ५०० रुपये आणि पुढील प्रत्येक सत्राला ३०० रुपये पडले. दापोलीहून चिपळूणला जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडणारा दिवस पाहता ते वाजवी होते. व्यायामांच्या लहान ध्वनिचित्रफिती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, त्या रात्री रेंज बरी असताना उतरवून ठेवता येतात, आणि सोबतचे पत्रक मोठ्या अक्षरांत, सरळ मराठीत आहे.

२५ ऑक्टोबर २०२० रोजी, दसऱ्याला, राज्यातील व्यायामशाळा उघडल्या आणि शहरातील बरेच जण पुन्हा तिकडे वळले. खेड्यांतील रुग्णांसाठी केंद्राने तेव्हा व्हिडिओ सेवा चालू ठेवली. वेळ दुपारी तीननंतरची मागून घ्यावी, आणि पहिल्या सत्राला घरातील एखादे माणूस फोन धरायला जवळ असू द्यावे.