हत्तीपक्ष्याचं जोडलेलं अंडं: कवच अस्सल, कागद अपुरे

नैसर्गिक इतिहासाच्या वस्तू विकणाऱ्या एका विक्रेत्याकडून मी हत्तीपक्ष्याचं, म्हणजे मादागास्करच्या एपिऑर्निसचं, अंडं मागवलं होतं. हा पक्षी नामशेष होऊन साधारण हजार वर्षं झाली. त्याच्या कवचाचे तुकडे मात्र बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वाळूत आजही सापडतात. अख्खं अंडं फार दुर्मीळ. बाजारात येणारी बहुतेक अंडी तुकडे जोडून उभी केलेली असतात. हेही तसंच होतं, आणि विक्रेत्याने ते आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

जोडकाम करणाऱ्या हाताला मनापासून दाद. लांबी जवळपास ३० सेंटिमीटर. कोंबडीची दीडशेच्या आसपास अंडी मावतील एवढं त्याचं पोट. कवच तीन-चार मिलिमीटर जाड, आणि पृष्ठभागावर सुईने ओरखडल्यासारखी बारीक, लांबट छिद्रं. ती भिंगाखाली शांतपणे बघावीत, अस्सल कवचाची खूण तिथेच पटते. अतिनील दिवा धरला की डिंक आणि भरण वेगळ्याच रंगाने उजळतात, त्यामुळे मूळ कवच किती आणि भर किती हे कळतं. इथे भर थोडीच निघाली. एका टोकाला मात्र वक्रता किंचित चुकली आहे, रंगही गडद आहे. ते तुकडे दुसऱ्या अंड्याचे असावेत, असं माझं मत. दोष लहान आहे, पण वर्णनात तो नमूद व्हायला हवा होता.

खरी अडचण कागदांची. अशी कवचं मादागास्करबाहेर न्यायला परवानगी लागते. त्याबद्दल विचारल्यावर ‘जुन्या संग्रहातलं’ एवढंच उत्तर आलं. पुन्हा विचारलं तेव्हा आधीच्या मालकाच्या पावतीची छायाप्रत मिळाली. अंडं बेटावरून कधी आणि कोणी आणलं, याचा तिच्यात उल्लेखही नाही.

माझी मागणी अवास्तव नाही. ग्रेट ऑक या नामशेष, न उडणाऱ्या समुद्रपक्ष्याची शेवटची जोडी १८४४ साली आइसलंडजवळच्या एल्डे बेटावर मारली गेली. त्या पक्ष्याची जेमतेम ७५ अंडी आज जगात आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांचा कोणाकडून कोणाकडे असा प्रवास नोंदलेला आहे. त्या काळच्या संग्राहकांनी या पक्ष्याच्या नाशाला हातभार लावला, हेही विसरता येत नाही. पण त्यांच्या नोंदींमुळे अभ्यासकांना आज काहीतरी हाती लागतं. नोंद नसलेलं अंडं दिसायला सुंदर, अभ्यासाला मुकं. शिवाय अशी खरेदी किनाऱ्यावरच्या चोरट्या उकरणीला बळ देत असेल, तर ते मला कपाटात नको.

अंडं परत पाठवलं. विक्रेत्याने वाद न घालता पूर्ण पैसे परत केले, आणि पॅकिंग तर दोन्ही वेळा निर्धोक निघालं. जोडकामाला पाचपैकी पाच, व्यवहाराला चार, कागदपत्रांना एक. यांच्याकडून घ्यायचंच असेल, तर निर्यातीचा कागद पैसे देण्याआधी हातात घ्या.