लाळ, केस आणि हिरवा रकाना

भोपळ्या पिल्लू असताना भोपळ्यासारखा दिसायचा, म्हणून ते नाव. गेल्या वर्षी मात्र त्याच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. साडेबारा किलोंचा कुत्रा अकरावर आला. दिवसाआड पातळ शी, तिच्यात शेंबडासारखी आव, सकाळी रिकाम्या पोटी पिवळी उलटी, आणि रात्री पोटाची गुरगुर अशी की शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला जाग यावी. "याचं पोट फार नाजूक आहे हो," असं मी ज्याला त्याला सांगत सुटले होते. हे वाक्य बोलणारं गिऱ्हाईक विकणाऱ्याला लांबूनच ओळखू येतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

फोनवर एक जाहिरात आली. कुत्र्याचे केस आणि लाळ पाठवा, त्याला कुठलं अन्न सोसतं आणि कुठलं नाही, ते आम्ही घरबसल्या सांगतो. डॉक्टरकडे नेणं नको, सुई नको, कुत्र्याचं थरथरणं नको. मी लगेच पैसे भरले. पाकिटात कापसाच्या दोन काड्या आणि केसांसाठी एक चिमुकली पिशवी होती. पहिली काडी भोपळ्याने चावून मोडली. दुसरी कशीबशी गालाच्या आतून फिरवली, पाठीवरचे थोडे केस कापले आणि कुरियर केलं.

रिपोर्ट झोकात होता. ११ पानं, दोन रकाने. लाल रकान्यात बीफ, गहू, दूध, अंडं, सोया, बटाटा, शहामृग आणि असं बरंच काही. हिरव्या रकान्यात चिकन, कोकरू, सामन मासा, रताळं, वाटाणा. अखेर कारण सापडलं, म्हणून मी हरखून गेले. शेवटच्या पानावर 'भोपळ्यासाठी निवडलेली उत्पादनं' असं एक बटण होतं. त्याच विक्रेत्याचं 'संवेदनशील पोटासाठी, कोकरू' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं कोरडं खाद्य आणि वाळवलेल्या चिकनच्या पट्ट्या मी तिथूनच मागवल्या. जुनं खाद्य एका दिवसात बंद करून नवीन सुरू केलं. ही चूक माझी. खाद्य बदलायचं तर ७ ते १० दिवसांत हळूहळू, जुन्यात नवं मिसळत बदलायचं असतं.

शी आणखी पातळ झाली. चॅटवर विचारलं, तर उत्तर आलं, "काळजी करू नका, शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडत आहेत. चांगलं लक्षण आहे." मी वाट बघितली. पाच आठवडे! आज हे लिहितानाही स्वतःचा राग येतो. मध्येच त्यांनी पोटाची एक पावडर सुचवली, तीही घेतली.

शेवटी डॉक्टरांकडे गेले तेव्हा रिपोर्टची प्रिंट मोठ्या विश्वासाने टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी पानं उलटली आणि विचारलं, "याने शहामृग कधी खाल्लाय?"

"नाही."

"मग त्याच्या शरीराला शहामृग ओळखीचा कसा झाला? ॲलर्जी व्हायला आधी गाठ पडावी लागते."

अन्नाची ॲलर्जी केस-लाळेवरून ठरवता येत नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. अशाच एका केस-लाळ तपासणीवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यात खऱ्या कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर खेळण्यातल्या प्राण्याचे नकली केस आणि लाळेच्या जागी सलाइनचं पाणी पाठवलं होतं. त्या खेळण्यालाही ॲलर्जी निघाली.

त्या रात्री मी रिपोर्ट आणि विक्रेत्याची यादी शेजारी शेजारी ठेवून बसले. हिरव्या रकान्यात जे जे होतं, ते ते त्यांच्याकडे विकायला होतं. लाल रकान्यातली एकही वस्तू ते विकत नव्हते. ११ पानांत खरी माहिती तेवढीच.

मग खाद्याची पिशवी उजेडात धरून मागचं बारीक वाचलं. पुढे कोकराचं चित्र, मागे घटकांच्या यादीत तिसऱ्या नंबरवर चिकन मील, म्हणजे कोंबडीची वाळवून केलेली पूड, आणि पुढे पोल्ट्री फॅट, म्हणजे कोंबडीवर्गातल्या पक्ष्यांची चरबी. नावात कोकरू आहे म्हणजे आत फक्त कोकरूच असेल, हे मी मनानेच धरून चालले होते. अमेरिकेतल्या लेबलच्या नियमांत नाव 'विथ लॅम्ब' असेल, तर कोकराचं मांस ३ टक्के असलं तरी चालतं. नुसतं 'लॅम्ब फ्लेवर' असेल तर चव जाणवली की पुरे. यादी वजनाच्या क्रमाने असते, पण ते वजन शिजवण्याआधीचं. ताज्या मांसात सुमारे ७० टक्के पाणी, त्यामुळे पहिलं नाव मांसाचं दिसलं तरी पाणी उडाल्यावर ते कितपत पुढे राहतं, हा प्रश्नच. आणि यादी स्वच्छ असली तरी हमी नाही. २०११ च्या एका तपासणीत हरणाच्या मांसाची म्हणून विकली जाणारी चार कोरडी खाद्यं पाहिली, तर यादीत नसलेलं सोया तिघांत आणि बीफ एकात निघालं.

डॉक्टरांनी आधी वेगवेगळ्या दिवसांचे शीचे तीन नमुने मागितले, कारण जिआर्डियासारखा परजीवी रोज सापडतोच असं नाही. ते साफ निघाले. मग प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेलं, हायड्रोलाइज्ड म्हणतात ते खाद्य सुरू केलं. त्याशिवाय काहीही नाही. ट्रीट नाही, आमच्या ताटातला घास नाही. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी भोपळ्याने पहिल्यांदा उचलता येईल अशी शी केली. मी तिचा फोटो काढून भावाला पाठवला. त्याने अजून माफ केलेलं नाही.

चौथ्या आठवड्यात पुन्हा बिघडलं. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कारण कळलं: जंताची गोळी. चघळायची, मांसाच्या चवीची. ती बदलून घेतली. नंतर एकेक पदार्थ परत देऊन पाहिला. दूध जमलं, गहू जमला, चिकन दिलं आणि तिसऱ्या दिवशी रात्रभर गुरगुर. म्हणजे हिरव्या रकान्यातलं पहिलंच नाव, ज्याच्या पट्ट्या मी बक्षीस म्हणून पाच आठवडे भरवत होते.

विक्रेत्याकडे पैसे परत मागितले. पिशवी उघडली आहे आणि तपासणी 'फक्त मार्गदर्शनासाठी' होती, असं उत्तर आलं. रिपोर्टच्या तळाशी ते छापलेलंही आहे, करड्या रंगात, इतक्या बारीक अक्षरात की मला ते फोनवर मोठं करून वाचावं लागलं. बॅच नंबरसह पिशवीचे फोटो आणि 'विषद्रव्यं'वाला चॅट लावून तक्रार केली आहे. अजून उत्तर नाही.

ट्रीट म्हणून आता भोपळ्याच्या रोजच्या मापातलेच मूठभर दाणे सकाळी बाजूला काढते आणि खिशात घालून फिरते. वाटीतल्या त्याच दाण्यांकडे तो ढुंकून बघत नाही, खिशातून निघाले की मात्र शेपटीसकट सगळं अंग हलतं.