ग्राइफ्सवाल्डची प्रत: सहा महिने, दोन कॅनव्हास

तैलरंग शिकताना प्रत करण्यासाठी जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिशचं ‘ग्राइफ्सवाल्डजवळची कुरणं’ (१८२१-२२) निवडलं जातं ते त्यातल्या ग्राइफ्सवाल्ड या जर्मन गावासाठी. क्षितिजावर चर्चचे मनोरे, पवनचक्क्या, अलीकडे हिरवं कुरण आणि बागडणारे घोडे. दोन प्रती केल्यावर कळतं की गाव तीन-चार बैठकांत होतं. घाम काढतं ते आकाश, आणि आकाश गावाला जिथे टेकतं ती कड.

मूळ चित्र हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयात आहे, माप ३४.५ × ४८.३ सेंमी, म्हणजे नेमकं ५:७. १४ × २० इंची कॅनव्हासवर ३५ × ४९ सेंमीचा आयत आखला की ७ सेंमीचे ३५ चौकोन बसतात. संदर्भासाठी एकच चांगली छापील प्रत ठेवावी. प्रत्येक स्क्रीनवर त्या आकाशाचा पिवळा वेगळा दिसतो आणि मग रंग मिसळताना रोज नवा वाद.

तयार कॅनव्हास बहुधा फार तेल पितो. पहिल्या प्रतीत कुरणाचे गडद भाग आठवड्यात मेल्यासारखे फिके पडले ते त्यामुळेच. दुसऱ्या वेळी गेसोचे (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) आणखी दोन हात दिले, मध्ये ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं. सपाट पृष्ठभाग इथे लागतोच. फ्रीडरिश गुळगुळीत आणि पातळ रंगवतो, कॅनव्हासची वीण वर आली की धुकं संपलं.

आकाश: खाली टायटेनियम व्हाइटमध्ये यलो ऑकर आणि किंचित नेपल्स यलो, वर पांढऱ्यात अल्ट्रामरीन. हे दोन थेट भिडवले की मधोमध हिरवा पट्टा उमटतो, आणि बहुतेकांची पहिली प्रत इथेच फसते. उपाय साधा. दोहोंच्या मध्ये पांढरा, कणभर बर्न्ट सिएना आणि त्याहून कमी अल्ट्रामरीन असा गुलाबीसर राखाडी पट्टा घालायचा. पाच छटा आधी पॅलेटवर ओळीने मिसळून ठेवाव्यात, लावताना मिसळत बसू नये. मग कोरड्या, रुंद, मऊ ब्रशने आडवं फिरवायचं आणि दर फटक्यानंतर ब्रश पुसायचा. कंटाळा केला की निळा खाली उतरतो.

गावाला काळा रंग अजिबात नको. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि भरपूर पांढरा. तयार झालेला रंग डोळ्यांना वाटतो त्याहून एक पायरी फिका ठेवावा. मनोरे आधारकाठीवर हात टेकून सरळ काढावेत, पण ओले असतानाच त्यांची कड कोरड्या ब्रशने एकदाच हलकेच मोडावी. दोनदा मोडली तर मनोरा वितळतो. आकाश पूर्ण वाळल्याशिवाय गावाला हात लावला तर कड मळते.

थरांचं गणित: पहिला नुसत्या टर्पेंटाइनने पातळ, दुसऱ्याला जवसाचं तेल एक भाग आणि टर्पेंटाइन दोन, शेवटच्या ग्लेझला, म्हणजे पातळ पारदर्शक थराला, दोन्ही समान. उलट केलं तर खालचा तेलकट थर वाळताना हलत राहतो आणि वरचा तडकतो. जवसाचं तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून पावसाळ्यात दमट खोलीत एका थराला आठवड्याऐवजी दहा-बारा दिवस धरावेत. कपाटात बंद करून वाळवू नये, अंधारात हे तेल पिवळं पडतं. तेलाच्या चिंध्या मात्र चुरगळून ढिगात टाकायच्या नाहीत. त्या आपोआप पेटतात; पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात टाकाव्यात.

जाड रंग, ब्रशचा जोरकस फटका यातलं काही हे चित्र शिकवत नाही. तो हात हवा असेल तर दुसरं चित्र घ्यावं. वॉर्निशला दोन्ही प्रतींत अजून हात लावलेला नाही. त्याआधी थांबायचे सहा महिने पहिल्या थरापासून नव्हे, शेवटच्या ग्लेझपासून मोजायचे.

घोडे सगळ्यात शेवटी, शून्य नंबरच्या ब्रशने, कुरण नीट वाळल्यावर. म्हणजे पाय चुकला तर टर्पेंटाइनच्या किंचित ओलसर बोळ्याने लगेच पुसता येतो, खालचा हिरवा जागेवर राहतो.