कोहा, आठ महिन्यांच्या वापरानंतर: देवघेव चोख, शोध मात्र हाताने घडवावा लागतो

कोहा ही ग्रंथालयाचा कारभार चालवणारी मुक्त संगणक प्रणाली. तिच्या देवघेवीबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही, आणि हीच तिची प्रशंसा. पुस्तक देणं-घेणं, मुदतवाढ, आरक्षण, विलंब शुल्क पहिल्या आठवड्यात अंगवळणी पडतं. नियमांच्या तक्त्यात सभासद-प्रकार आणि ग्रंथ-प्रकार यांची प्रत्येक जोडी भरून घ्या. एखादी राहिली की नेमकं गर्दीच्या वेळी काउंटर अडतो.

वेळ जातो तो शोधात. कोहाचं काम १९९९ साली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयासाठी सुरू झालं, त्यामुळे मूळ घडण रोमन लिपीची. झेब्रा हे शोधयंत्र वापरत असाल तर अनुक्रमणीची (शोधासाठी बांधलेल्या शब्दसूचीची) पद्धत 'आयसीयू' ही युनिकोड हाताळणारीच हवी, दुसरी पद्धत देवनागरीच्या कामाची नाही. मात्र एवढ्याने भागत नाही. 'देव' शोधून बघा. निकालात 'दैव' आणि 'दव'सुद्धा आले, तर आयसीयूच्या शब्द-नियमांच्या फाइलमध्ये 'जागा न व्यापणारी चिन्हं काढून टाका' असा नियम बसलेला आहे. रोमन अक्षरांवरची टोपी-टिंबं उडवण्यासाठी तो ठीक. पण युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) हिशेबात आपले उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त त्याच वर्गात मोडतात. काना, वेलांट्या आणि ओकार-औकार वाचतात, बाकी बहुतेक साफ. 'संत'चा 'सत' होतो. हा नियम रोमन अक्षरांना जोडल्या जाणाऱ्या चिन्हांपुरता (युनिकोडमधला ०३०० पासूनचा गट) मर्यादित करा आणि संपूर्ण अनुक्रमणी नव्याने बांधा. नुसती फाइल बदलून जुन्या नोंदी सुधारत नाहीत. इलॅस्टिकसर्च हे दुसरं शोधयंत्र वापरत असाल तरी तिथेही अक्षरं सपाट करणारी चाळणी असते, म्हणून हीच चाचणी तिथेही घ्या.

दुसरी मराठीची खास डोकेदुखी म्हणजे 'ऱ्या'. 'दुसऱ्या' हा शब्द कुणी नुक्तेवाल्या 'ऱ'ने टंकतो, तर कुणी साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र वेगळे. उपाय म्हणजे अनुक्रमणीत 'ऱ'चा 'र' करायचा आणि जोडक काढायचा. मग 'दऱ्या' आणि 'दर्या' एकत्र येतात, पण पुस्तक अजिबात न सापडण्यापेक्षा ते परवडलं.

झेड ३९.५० या ग्रंथालयांमधल्या नोंद-देवाणीच्या पद्धतीवरून दुसऱ्या ग्रंथालयांच्या नोंदी उचलणं ही मोठी सोय आहे. त्यातही सापळे आहेत. बरीच मराठी पुस्तकं तिथे फक्त रोमन लिप्यंतरात असतात, देवनागरी रूप असलंच तर मार्क (ग्रंथनोंदीची संगणकी मांडणी) नोंदीतल्या ८८० क्षेत्रात, म्हणजे मूळ लिपीच्या रकान्यात. ते क्षेत्र आख्या (शीर्षक) आणि ग्रंथकार यांच्या शोधात येतं का, हे एका नोंदीवर तपासा. फाइलमधून नोंदी घेताना मार्क लीडरचं (नोंदीच्या सुरुवातीच्या भागाचं) ०९ हे स्थान पाहा. तिथे 'ए' असेल तर युनिकोड, मोकळं असेल तर मार्क-८ ही जुनी अक्षरपद्धत. मजकूर युनिकोड आणि स्थान मोकळं, अशा फाइलीतली देवनागरी कचरा होऊन येते. आणि आयएसबीएनवरून जुळवून जुनी नोंद बदलण्याचा पर्याय डोळे झाकून निवडू नका. संचाच्या सगळ्या खंडांवर एकच क्रमांक छापलेला असला की पहिल्या खंडाच्या नोंदीवर तिसरा चढतो. आधी पन्नासेक नोंदी घेऊन बघा. चुकलं तर आयात मागे घेता येते.

नवी नोंद जतन झाली पण सापडत नाही? बहुतेक वेळा पार्श्वभूमीतली अनुक्रमणी सेवा बंद पडलेली असते. अनुक्रमणी पुन्हा बांधायच्या आधी प्रलंबित रांग बघा.

या प्रणालीची जमेची बाजू अशी की दोष दिसला तर तो नोंदवता येतो, आणि दुरुस्ती सगळ्यांना मिळते. पण 'शोध नीट चालत नाही' अशी तक्रार कुणाच्याच कामाची नाही. आवृत्ती, शोधयंत्र, एक नमुना नोंद, टंकलेला शब्द, काय यायला हवं होतं आणि काय आलं, एवढं क्रमवार लिहा. दुरुस्ती आली की ती लिहिणाऱ्याखेरीज कुणीतरी तपासून मान्यता द्यावी लागते, मग गुणवत्ता गट पाहतो, त्यानंतरच ती मुख्य आवृत्तीत जाते. चाचणीसाठी कोहाची तयार प्रतिकृती ब्राउझरमध्ये मिळते, प्रोग्रामिंग यायची गरज नाही. अनेक दुरुस्त्या या मान्यतेवाचूनच पडून राहतात. देवनागरीच्या दुरुस्त्या तर हमखास, कारण त्या तपासायला मराठी किंवा हिंदी वाचणारा माणूस लागतो. ग्रंथपालाने महिन्याला एक जरी तपासली तरी फरक पडतो.

मोठी आवृत्ती मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. '२४.०५' म्हणजे २०२४ सालचा मे. कोहाचं पॅकेज नव्या आवृत्तीवर नेताना बदललेल्या फाइली ठेवायच्या की नव्या घ्यायच्या, असं विचारलं जातं. सवयीने 'नव्या' म्हटलंत की वरची सगळी मेहनत पुसली. फाइलींची प्रत वेगळी ठेवा, आणि आवृत्ती बदलल्यावर काउंटर उघडण्याआधी शोधखिडकीत पहिला शब्द 'देव' टाका.