सात महिने इसबगोल आणि जवस: माझा अनुभव

मार्चच्या रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६४ आलं. वय ४८, शुगर नाही, बीपी नाही. डॉक्टर म्हणाले, चार महिने खाणं सांभाळा, चाला, मग कोलेस्टेरॉलच्या गोळीचं, म्हणजे स्टॅटिनचं, ठरवू. एलडीएल १९० च्या वर असतं किंवा शुगर असती, तर गोळी लगेच सुरू केली असती, हेही त्यांनी बजावलं.

इसबगोल दिवसाला १० ग्रॅम घेतो, निम्मं सकाळी, निम्मं संध्याकाळी. मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, थोडं थांबलं की खळीसारखं घट्ट होतं. पहिल्या आठवड्यात पोट फार फुगलं. अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करायला हवी होती. मे महिन्यात, आपल्या नागपूरच्या उन्हात, पाणी कमी पडलं आणि उलट पोटच साफ होईना. तेव्हापासून वरून आणखी एक ग्लास पाणी पितोच. त्याचा बुळबुळीतपणाच कामाचा आहे. आतड्यातली पित्ताम्लं तो धरून बाहेर नेतो, मग नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं.

जवस तर आपल्या घरचंच. सावजी रस्साही पूर्वी जवसाच्या तेलातच व्हायचा. पण पहिला महिना मी अख्खं जवस भाजून चघळत होतो, आणि अख्खा दाणा बराचसा न पचताच निघून जातो. आता इतवारीच्या बाजारातून आणतो, मंद आचेवर भाजून लसूण-तिखट घालून चटणी कुटतो, तीही चार-पाच दिवसांपुरतीच, कारण कुटलेलं जवस लवकर खवट होतं. भाकरीबरोबर रोज दोन चमचे.

तर्री-पोहे महिन्यातून एकदा. फुटाळा तलावावर रोज ४० मिनिटं चालणं.

जुलैत एलडीएल १४१ आलं, ऑक्टोबरमध्ये १३८. यातलं किती कशामुळे, हे मला वेगळं काढता येत नाही. एकट्या इसबगोलने साधारण ५ ते १० टक्केच उतरतं, बाकीचं चालण्याचं आणि ताटातल्या बदलाचं असावं. डॉक्टरांनी गोळी तूर्त लांबवली आहे.

मध्ये कुणाच्या सांगण्यावरून गुग्गुळ तीन आठवडे घेतला. अंगावर पुरळ उठलं. नंतर वाचलं की २००३ च्या अमेरिकेतल्या चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल उलट थोडं वाढलं होतं, काहींना पुरळही आलं होतं. बंद केला तो कायमचा.

एक गोष्ट मात्र मनाला फार लागली. भाऊजींना दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट पडला आहे. माझा जुलैचा रिपोर्ट पाहून त्यांनी न सांगता स्टॅटिन बंद केलं आणि इसबगोल धरलं. ताईला महिन्याने कळलं. मी त्याच संध्याकाळी गेलो, हात जोडले, म्हटलं, भाऊजी, माझं आणि तुमचं सारखं नाही हो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. आता गोळी रात्री जेवणानंतर, इसबगोल संध्याकाळी सहाला. दोन्हींत अंतर हवं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. नऊ वाजले की ताई फोन करून मला सांगते, घेतली म्हणून.