कॅस सीनिक रेलरोड: लाकूडवाहू मार्गावरची वाफेची सफर

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ग्रीनब्रायर नदीकाठच्या कॅस गावातून बाल्ड नॉब या डोंगराच्या माथ्यापर्यंत जाणारी वाफेची गाडी आज पर्यटकांसाठी धावत असली, तरी हा मार्ग 1901 पासून टाकला गेला तो कागदाच्या लगद्याला लागणारे स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे लाकूड डोंगरावरून खाली आणण्याकरिता. प्रवासी बसतात ते डबेही ओंडके वाहणाऱ्या सपाट वाघिणींवर बाके व छप्पर बसवून केलेले आहेत, त्यामुळे येथे मऊ गाद्यांची अपेक्षा ठेवू नये.

खरे पाहण्याजोगे आहे ते ‘शे’ (Shay) जातीचे इंजिन. याचे सिलिंडर उजव्या अंगाला उभे बसवलेले असतात, आणि फिरता दांडा व दातेरी चक्रे यांच्याद्वारे प्रत्येक चाकाला जोर मिळतो. सिलिंडरांचा भार तोलण्यासाठी बॉयलर डावीकडे सरकवलेला असल्याने समोरून पाहताना इंजिन चक्क तिरपे बांधल्यासारखे दिसते. इंजिनाची भकभक इतकी जलद चालते की गाडी सुसाट निघाल्याचा भास व्हावा, प्रत्यक्षात वेग पायी चालणाऱ्याहून थोडाच अधिक. बोरघाटातील 1:37 ची चढण आपण कठीण मानतो; येथे ती काही ठिकाणी 11 टक्के, म्हणजे जवळपास 1:9 आहे. खंडाळ्याच्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनाप्रमाणे दोनदा दिशा बदलून गाडी चढ काटते. इंजिनाला लागूनचा डबा घ्यावा, असे माझे मत आहे. काजळी अंगावर पडते, पण यंत्र डोळ्यांसमोर राहते.

1960 साली लाकडाचा धंदा बंद पडला आणि सारा पसारा भंगारात जाणार होता. रसेल बॉम या रेल्वेप्रेमी गृहस्थांनी पाठपुरावा केल्यावर राज्य सरकारने तो विकत घेतला व 1963 मध्ये पर्यटक गाडी सुरू झाली. 1905 साली बांधलेले पाच क्रमांकाचे इंजिन त्यामुळेच वाचले.

वाटेवरच्या व्हिटेकर स्थानकापर्यंतची छोटी फेरी मुलांना पुरेशी आहे, आणि तेथे मांडलेला लाकूडतोड्यांचा तळही बघण्यासारखा आहे. मात्र इतक्या दूर आलेल्याने 11 मैलांवरील, 4,842 फूट उंचीच्या बाल्ड नॉबचेच तिकीट काढावे. आकाश निरभ्र असेल तर तेथून ग्रीन बँकची अजस्र रेडिओ दुर्बीण दिसते. डबे उघडे असल्याने उन्हाळ्यातही जाडसर जाकीट जवळ ठेवावे.